ऑरिन कुंपणाच्या कुठल्या बाजूला उभा होता

…तर काल आपण थांबलो तेव्हा वळू कुंपण मोडून पलीकडे गेलेला होता, आणि रॉय लिंडक्विस्टच्या जातिवंत कालवडींच्या मधोमध असा निवांत उभा होता, की जणू त्याला रीतसर आमंत्रण होतं. वळू एमिल कुचेराचा. कालवडींना झालेली वासरं पुढच्या वसंतात अशी काही निघाली, की रॉयनं ती पाहिली आणि टोपी काढून जमिनीवर आपटली. आणि म्हणून १९५८ च्या नोव्हेंबरात ते प्रकरण ऑरिन टोलेफ्सनसमोर आलं. ऑरिन तेव्हा छत्तीस वर्षांचा, जिल्हा न्यायाधीश म्हणून निवडून येऊन त्याला जेमतेम वर्ष झालेलं.

ऑरिन इथलाच. नऊ मुलांच्या, एका खोलीच्या, एका शेगडीच्या शाळेत तो शिकला. शाळेत हिवाळ्यात ज्याची पाळी असेल त्यानं अर्धा तास आधी येऊन शेगडी पेटवायची. ऑरिननं एकदा ओली लाकडं घातली, दिवसभर नऊच्या नऊ पोरं आणि मास्तरीणबाई डोळे पुसत बसल्या, आणि बाहेरून जाणाऱ्या टपालवाल्याला वाटलं, कोणीतरी गेलं. पुढे लढाई झाली, लढाईवरून परत आलेल्यांना सरकारनं कॉलेजात घातलं, आणि नॉर्वेजियन शेतकऱ्याचा हा पोरगा वकील होऊन परत आला. गावात लोणी काढायचा कारखाना चालवणाऱ्या बुटेन यांच्या अल्माशी लग्न केलं. निवडणुकीला उभा राहिला तेव्हा त्याच्या फलकावर एवढंच होतं, ‘ऑरिन टोलेफ्सन. तुम्ही ओळखता.’ आणि ओळखतच होते लोक, म्हणून निवडून आला.

जज्ज म्हणून त्याची एक सवय साऱ्या जिल्ह्यात प्रसिद्ध होती. कागदावर त्याचा विश्वास नव्हता. पाण्याचा तंटा असो, वाटेचा असो, बांधाचा असो, तो गाडी काढून स्वतः जाऊन बघणार. डब्यात अंड्याचं सँडविच, खिशात पेन्सिल. म्हणायचा, ‘कागदाला चिखल लागत नाही. मला लागतो.’ लोकांना याचं फार कौतुक. त्यालाही होतं, खोटं कशाला बोला.

आता दोन शेजाऱ्यांच्या मधल्या कुंपणाची आमच्याकडची रीत अगदी सोपी. दोघांनी कुंपणाच्या बरोबर मध्यावर, आपापल्या जमिनीत, समोरासमोर उभं राहायचं. ज्याच्या उजव्या हाताला जो अर्धा भाग येईल, तो त्यानं राखायचा. लिहिणं नाही, मोजणी नाही. समोरासमोर उभे असल्यामुळे एकाचा उजवा हात उगवतीला जातो, दुसऱ्याचा मावळतीला. भांडण संपलं.

एमिल आणि रॉय यांच्यातलं कुंपण उगवतीकडून मावळतीकडे सरळ अर्धा मैल. वळूनं मोडलं ते उगवतीच्या अर्ध्यात, जिथं कुंपण ओढा ओलांडतं. तेव्हा प्रश्न एकच होता. उगवतीचा अर्धा भाग कोणाचा? रॉयचा असेल, तर त्यानं स्वतःचं कुंपण राखलं नाही, वासरांबद्दल त्यानं तक्रार करायची नाही. एमिलचा असेल, तर दोष एमिलचा.

रॉयनं तालुक्याच्या गावाहून वकील आणलेला. एमिलनं वकील केला नव्हता. तो टोपी मांडीवर ठेवून बसला. बोहेमियातून आलेल्या बापाचा मुलगा, विचारलं तेवढंच बोलायचा.

‘मी उद्या जाऊन बघतो,’ ऑरिन म्हणाला.

आणि गेला. गुरं तोवर घराकडे आणलेली, दोन्ही कुरणं रिकामी. जवळपास घर नाही, दिसायला माणूस नाही. ऑरिन थेट ‘कुचेराच्या तुकड्या’त शिरला. तिथला एकशे साठ एकरांचा प्रत्येक तुकडा कुठल्या ना कुठल्या नावानं ओळखला जातो, आणि सहा मैलांवर वाढलेल्या ऑरिनला ती सगळी नावं आईच्या दुधाबरोबर मिळालेली. कुंपणाच्या दक्षिणेकडे कुचेराचा तुकडा, उत्तरेकडे ब्रेननचा तुकडा. तो कुचेराच्या तुकड्यात मध्यावर उभा राहिला, तोंड उत्तरेकडे केलं, उजवा हात बाजूला पसरला. हात गेला उगवतीला, ओढ्याकडे. म्हणजे उगवतीचा भाग कुचेराचा. सँडविच खाल्लं, परत आला, पिवळ्या कागदावर पेन्सिलीनं निकाल लिहिला. दोष एमिलचा, आणि यापुढे उगवतीचा अर्धा भाग एमिलनं राखायचा.

‘कोणाला काही म्हणायचंय?’ त्यानं विचारलं.

रॉय खाली बघत होता. एमिलनं टोपी डोक्यावर घातली आणि निघून गेला.

त्यानंतर ऑरिनचं बरं चाललं. बारा वर्षं जिल्ह्यात काढली. मृत्युपत्रं, घटस्फोट, गुरं, एकदा तर चर्चची घंटा कोणाच्या मालकीची यावर चार दिवस. मग १९७० साली राज्यपालांनी त्याला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर नेमलं आणि टोलेफ्सन मंडळी राजधानीत राहायला गेली.

तिथं सात न्यायमूर्ती. खलबताच्या खोलीत सातांशिवाय कोणी नाही, आणि सातांत जो सगळ्यात नवा, त्यानं दाराजवळच्या खुर्चीत बसायचं. दार वाजलं की त्यानं उठायचं, कॉफी त्यानं आत घ्यायची, आणि मतही त्यानंच सगळ्यांत आधी सांगायचं, म्हणजे मोठ्यांचं ऐकून नवा माणूस डळमळायला नको. साधारण दोन-तीन वर्षांत कोणीतरी निवृत्त होतं आणि नवा येतो. ऑरिनच्या नशिबी आठ वर्षं कोणी निवृत्त झालं नाही, की कोणी गेलं नाही. आठ वर्षं तो दार उघडत होता. अल्मा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, ‘आमचे हे सर्वोच्च न्यायालयात दारवान आहेत.’ आठव्या वर्षी नवे गृहस्थ आले, आणि पहिल्याच दिवशी दार वाजल्यावर ऑरिन सवयीनं उठून उभा राहिला. सहाही जण हसले. त्यानं जाऊन कॉफी घेतली, ती वाटली, आणि मग बसला.

राजधानीत गेल्यावर स्वतः जाऊन बघायची सवय मात्र सुटली. सर्वोच्च न्यायालयात बघायला काही नसतं, फक्त कागद असतात. आणि कागदाच्या बाबतीत ऑरिनची सारी भिस्त मार्जरी पील यांच्यावर. सोळा वर्षं त्याच्या कचेरीत टंकलेखन करणाऱ्या, शहरात जन्मलेल्या, गाय फक्त जत्रेत बघितलेल्या बाई. त्यांचा नियम असा, की निकालपत्रातलं एकही नाव, एकही आकडा पडताळल्याशिवाय टंकायचा नाही.

१९८६ च्या सप्टेंबरात दुसऱ्याच एका जिल्ह्यातून प्रश्न आला, की लिहून ठेवलं नसेल तर ही उजव्या हाताची रीत कायदा म्हणून मानायची का? सातांचं एकमत, मानायची. निकालपत्र लिहायची पाळी ऑरिनची. तो खुश झाला. आयुष्यभर विमा आणि कर यांच्यावर लिहून कंटाळलेला माणूस, त्याला कुंपण मिळालं! त्यानं ठरवलं, शहरातल्या वकिलांनाही समजेल असं एक उदाहरण घालावं. उदाहरण म्हणून त्यानं आपलीच जुनी गोष्ट घेतली, वळूची. पील बाईंना सांगितली, त्यांनी लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी त्या एक जाडजूड पुस्तक घेऊन आल्या. त्या जिल्ह्याचं १९५८ चं जमिनीच्या नकाशांचं पुस्तक, शेताशेतावर मालकाचं नाव छापलेलं.

‘साहेब, हा दक्षिणेकडचा तुकडा कोणाचा म्हणालात?’

‘कुचेराचा.’

‘इथं लिंडक्विस्ट लिहिलंय.’

‘छापणारानं चूक केली असेल.’

‘मी १९५० चं बघितलं. त्यातही लिंडक्विस्ट. १९४० चंही बघितलं.’ बाईंनी चष्मा सारखा केला. ‘१९३० सालच्या पुस्तकात मात्र कुचेरा आहे. पुढे त्यांनी तो विकून उत्तरेकडचा घेतलेला दिसतो, ब्रेनन म्हणून कोणाकडून. हे ब्रेनन कोण?’

ब्रेनन कोण ते ऑरिनला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. एक आयरिश माणूस कधीकाळी येऊन गेला होता. पण आमच्याकडे शेताचं नाव मालकाबरोबर बदलत नाही. माणूस विकून, मरून, उठून जातो आणि त्याचं नाव पुढची पन्नास वर्षं गवतात उभं राहतं. परका जज्ज असता तर त्यानं नकाशा उघडला असता. ऑरिननं उघडला नाही, कारण जे शेंबड्या पोराला माहीत, ते विचारायला इथल्या माणसाला लाज वाटते.

तो उठला, खोलीच्या मध्यभागी उभा राहिला, तोंड दक्षिणेकडे केलं आणि उजवा हात बाजूला पसरला. हात गेला मावळतीला. एमिलचा भाग मावळतीचा होता. कोरडा, सपाट, ओढ्यापासून लांबचा. आणि अठ्ठावीस वर्षं तो उगवतीचा राखत होता.

‘साहेब, बसा जरा,’ पील बाई म्हणाल्या.

त्या नोव्हेंबरात मतदान होतं, आणि मतपत्रिकेवर ऑरिनचंही नाव होतं. आमच्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या जज्जासमोर दुसरं कोणी उभं राहत नाही. मतपत्रिका नुसतं विचारते, न्यायमूर्ती टोलेफ्सन यांना ठेवायचं का? हो किंवा नाही. ‘हो’ आलं की ऑरिन सत्तरीपर्यंत, म्हणजे अजून सहा वर्षं तिथं. ‘नाही’ आलं की जानेवारीत घरी.

शनिवारी तो आणि अल्मा गाडीनं गावाकडे निघाले. एमिल आता ऐंशीचा. शेत त्याची मुलगी लिडा बघायची, पंचेचाळीस वर्षांची, नवरा लवकर गेलेला. तिनं दार उघडलं. उजव्या तळव्यापासून मनगटापर्यंत तिच्या हातावर लांब, जाड वण होता.

‘बाबा, जज्जसाहेब आलेत. सर्वोच्च!’ तिनं आत हाक मारली. ‘या, या. काय, वळू पुन्हा सुटला की काय?’

एमिल खिडकीपाशी बसलेला. टेबलावर कोलाच, खसखशीचं सारण भरलेले बोहेमियाकडचे गोड पाव. ऑरिन बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, ‘एमिल, अठ्ठावन्न साली मी चुकीच्या कुरणात उभा होतो.’

‘हो,’ एमिल म्हणाला.

‘तुला माहीत होतं?’

‘तू लिंडक्विस्टच्या कुरणात उभं राहून अंड्याचं सँडविच खाल्लंस. मी ब्रेननच्या टेकाडावरून बघत होतो. म्हणजे माझ्याच टेकाडावरून.’

‘मग बोलला का नाहीस? मी विचारलं होतं, कोणाला काही म्हणायचंय का!’

एमिलनं खांदे उडवले. ‘तू शिकलेला. मला वाटलं, कायद्यात उजवा हात वेगळा असेल.’

लिडा मोठ्यानं हसली, पण ते हसणं काही फार बरं नव्हतं.

‘आणि रॉयला?’ ऑरिननं विचारलं. रॉय लिंडक्विस्ट जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

‘रॉयलाही ठाऊक होतं. त्यानंतर तो माझ्याशी नजर मिळवत नसे. तो लुथरन, मी कॅथलिक, चर्चं वेगळी, त्यामुळे रविवारची तशी अडचण नव्हती.’

‘तुम्ही दोघं हसा,’ लिडा म्हणाली. ‘ओढ्यात मी उतरते. दर वसंतात बर्फ वितळलं की पूर येतो आणि दोनशे फूट कुंपण घेऊन जातो. दर वसंतात! कमरेएवढ्या पाण्यात खांब रोवायचे. गेल्या साली ताणलेली तार सुटली, हे बघा.’ तिनं हात पुढे केला. ‘तीन बोटं अजून मिटत नाहीत. मी रॉयच्या मुलाकडे, डेलकडे गेले. म्हटलं, निदान ओढ्यातलं तरी तू कर. तो म्हणाला, लिडा, मला वाईट वाटतं, पण जज्जाचा कागद आहे. जज्जाचाच दुसरा कागद आण.’

‘त्या निकालाला आता हात लावता येत नाही,’ ऑरिन म्हणाला. ‘मुदत केव्हाच संपली.’

‘मग कशाला आलात? कोलाच खायला?’

‘लिडा,’ एमिल म्हणाला.

‘नाही, बोलू दे तिला,’ अल्मा म्हणाली. ती एवढंच बोलली, आणि ऑरिनला वाटलं, हे ती लिडाला नव्हे, आपल्याला सांगत्येय.

‘माझ्यासाठी मला काही नको, ऑरिन,’ एमिल म्हणाला. ‘माझे किती वसंत राहिलेत! पण हिच्या हाताचं बघ. काही कागद होत असेल तर पूर यायच्या आत कर.’

सोमवारी ऑरिननं निकालपत्रात एक तळटीप घातली. पील बाईंनी ती दोनदा पडताळली. त्यात लिहिलं होतं, की या निकालपत्राच्या लेखकानं जिल्हा न्यायाधीश असताना हीच रीत चुकीची लावली, कारण तो कुंपणाच्या दक्षिणेला उभा राहिला आणि ज्याची जमीन तो शोधत होता त्याची जमीन उत्तरेला होती. उगवतीचा भाग कुचेरा यांचा कधीच नव्हता.

मुख्य न्यायमूर्ती वेंडेल प्रॅट यांनी ती वाचली आणि त्याला बोलावून घेतलं. प्रॅट चांगला माणूस, पण घाबरट नीटनेटकेपणा त्यांच्या अंगात.

‘ऑरिन, हे निकालपत्र आहे, कबुलीजबाब नव्हे.’

‘म्हणून तर खाली लिहिलंय. बारीक अक्षरात.’

‘वर्तमानपत्रवाले बारीक अक्षरंच आधी वाचतात. मतदानाला पाच आठवडे आहेत. निकाल डिसेंबरात लावू. तुझंही काही जात नाही, त्या बाईंचंही. पूर एप्रिलमध्ये येतो ना?’

यात चुकीचं काहीच नव्हतं. ऑरिननं खिडकीबाहेर बघितलं. खरं सांगायचं तर त्याला ते खुर्चीवरचं आयुष्य फार आवडायचं, दाराजवळची खुर्चीसुद्धा आवडायची. चौसष्टाव्या वर्षी घरी जाऊन काय करायचं, हे त्याला सुचत नव्हतं.

‘वेंडेल,’ तो शेवटी म्हणाला, ‘लोक मला ठेवायचं की नाही ते ठरवणार. काय ठेवतायत ते कळायला नको का त्यांना?’

‘तू हरलास तर मला दोष देऊ नकोस.’

‘देईन की. कोणाला तरी द्यायलाच हवा.’

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शुक्रवारी निकाल लागला. प्रॅट म्हणाले तसंच झालं. उजव्या हाताच्या रीतीबद्दल एका वर्तमानपत्रानं एक ओळ लिहिली, तळटिपेबद्दल सगळ्यांनी लिहिलं. एकानं व्यंगचित्र काढलं, काळा झगा घातलेला जज्ज, समोर वळू, आणि वळू बोटानं दाखवतोय, ‘साहेब, तिकडे.’ वळूला बोटं कुठून आली असं अल्मानं विचारलं, पण ते कात्रण तिनं जपून ठेवलं.

आणि डेल लिंडक्विस्ट? त्यानं ते गावातल्या कॅफेत वाचलं, सगळ्यांच्या देखत. पुढ्यात बशीत केक होता, तो तसाच राहिला. ‘सर्वोच्च न्यायालय म्हणतंय तर आता मी कोण?’ असं म्हणून तो उठला. कोणीतरी मागून ओरडलं, ‘डेल, ओढ्यात जाताना लांब बूट घाल रे!’ आठवड्याच्या आत तो आणि लिडा कचेरीत गेले, नवा करार लिहिला, सह्या केल्या. उगवती डेलची, मावळती लिडाची. लिडानं डाव्या हातानं सही केली, कारकुनानं ती दोनदा बघितली.

मतदान झालं. राज्यभरात ऑरिनला शंभरातल्या एकसष्ट लोकांनी ‘हो’ म्हटलं. राहिला. पण आपल्या, स्वतःच्या जिल्ह्यात ‘नाही’ एकशे बारा मतांनी पुढे! त्याचं नाव पहिल्यांदा ज्या जिल्ह्यानं फलकावर वाचलं, त्या जिल्ह्यात. चूक केली म्हणून नव्हे. चूक कोणीही करतो, आणि कबूल केली त्याचं कौतुकच होतं. पण सहा मैलांवर वाढलेल्या माणसाला कुचेराच्या तुकड्याचा मालक कोण ते ठाऊक नसावं, हे लोकांच्या पचनी पडेना. कॅफेत म्हणत, ‘शेजारचं कुरण कळलं नाही, आणि हा राज्य चालवणार!’ वर आणखी, ज्यांनी असं म्हटलं त्यांतल्या निम्म्यांना स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं.

ऑरिनला ते लागलं. अल्माला त्यानं तसं सांगितलं नाही, पण दोन दिवस त्यानं कॉफीत साखर घातली नाही, आणि तिला कळलं.

एप्रिलमध्ये पूर आला, नेहमीसारखं दोनशे फूट कुंपण घेऊन गेला. ओसरल्यावर ऑरिन एकटाच गाडीनं आला. ओढ्यात डेल कमरेएवढ्या पाण्यात खांब रोवत होता आणि प्रत्येक खांबागणिक काहीतरी पुटपुटत होता. वर कोरड्या जागी एमिल घडीच्या खुर्चीत बसला होता, पायांवर घोंगडी, आणि लिडा त्याच्या शेजारी उभी, हात कोटाच्या खिशात. ती डेलला ओरडून सांगत होती, ‘तिसरा वाकडा आहे! मी अठ्ठावीस वर्षं बघतेय, तिथं वाकडाच जातो!’

ऑरिन त्यांच्या बाजूला येऊन उभा राहिला. यावेळी उत्तरेला. बराच वेळ तिघं डेलचं काम बघत राहिले.

‘ऑरिन,’ एमिल म्हणाला, ‘एक सांगायचं राहिलं. नंतर दुसऱ्या कोणाकडून कळायला नको. ते एकशे बारा होते ना जास्तीचे. त्यांत एक मी.’

‘बाबा!’ लिडा म्हणाली.

‘काय बाबा? कुंपणाचं त्यानं केलं, त्याबद्दल मी आभार मानले. पण कुठलं कुरण कोणाचं हे कळायला अठ्ठावीस वर्षं लागतात, त्या माणसाला घरी पाठवावं असं मला वाटलं. मतपत्रिकेवर तेवढंच विचारलं होतं.’ मग त्यानं मान वर करून ऑरिनकडे बघितलं. ‘राग आला का रे?’

ऑरिननं टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी परत घातली.

‘तुझ्या जागी असतो तर मीही “नाही”वरच फुली मारली असती, एमिल,’ तो म्हणाला. ‘पण बाकीच्यांनी मला सहा वर्षं दिलीत. तेव्हा तुझं आणखी एखादं कुंपण असेल, तर आत्ताच सांगून टाक.’